कार्ड एक, तिकिटं चार

मेट्रोच्या गेटवर लाल फुली उमटली तेव्हा माझ्या मागे पंधराएक माणसं होती. सकाळचे सव्वानऊ. मी कार्ड पुन्हा टेकवलं, पुन्हा फुली. मग शर्टाला पुसून तिसऱ्यांदा टेकवलं, जणू चिपलाच घाम आला होता. मागच्या मुलीनं एका कानातलं इअरबड काढलं.

“काका, अपडेट केलंत का?”

“अगं, काल रात्रीच पाचशे भरलेत. हा बघ मेसेज.”

“पैसे बँकेत आहेत, काका. कार्डात नाहीत.”

एवढं बोलून ती शेजारच्या गेटातून निघूनही गेली. मी बाजूला झालो. काउंटरवरच्या मुलानं माझं कार्ड एका चपट्या यंत्रावर ठेवलं, दोन कळा दाबल्या, ‘टिंग’ असा आवाज झाला आणि रात्री भरलेले पाचशे रुपये सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझ्या हातातल्या प्लॅस्टिकमध्ये उतरले. गावच्या पोस्टात मनीऑर्डर येऊन पडलेली असते, पण पोस्टमन अजून वाडीवर आलेला नसतो, तसला हा प्रकार. मनीऑर्डरीची गंमत सांगायला त्या मुलीच्या पिढीतलं कुणी थांबलं नसतं, म्हणून इथं सांगतो.

त्या मुलीचं वाक्य डोक्यातून जाईना. पैसे बँकेत आहेत आणि कार्डात नाहीत, असं कसं असू शकतं? बाजारात तेच कार्ड टेकवलं की भाजीवालीचे पैसे चुकते होतात, मग मेट्रोच्या दारात ते भिकाऱ्यासारखं का उभं राहतं? ‘देशभरातल्या प्रवासाला एकच कार्ड’ ही घोषणा ऐकून मला बरीच वर्षं झाली होती. कार्डही वापरत होतो. पण त्याच्या आत काय चालतं, याचा विचार लाल फुली दिसेपर्यंत केला नव्हता.

सरकारी कागदावर त्याचं नाव नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. स्थानकावरचे कर्मचारी ‘एनसीएमसी’ म्हणतात. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई ‘टिकटिक कार्ड’ म्हणतात, आणि मला तेच नाव सगळ्यात पटतं. दिसायला साधं रुपे डेबिट कार्ड किंवा प्रीपेड कार्ड. कोपऱ्यात वायफायच्या खुणेसारख्या चार वाकड्या रेघा. माझं एक मुदत संपलेलं कार्ड मी कात्रीनं तिरकं कापून पाहिलं. कापलेल्या कडेवर केसाएवढ्या तांब्याच्या तारेची टोकं चमकली. ही तार कार्डाच्या कडेकडेनं वेटोळं घालून चिपला जोडलेली असते. कार्डात बॅटरी नाही. गेटवरचं यंत्र १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सतत सोडत असतं. त्यात हे वेटोळं आलं की तारेत वीज जन्मते, चिप जागी होते, हिशेब करते आणि कार्ड दूर नेलं की पुन्हा झोपते.

त्या जागेपणाच्या अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात बरंच काही उरकायचं असतं. कार्ड खरं आहे का, शिल्लक पुरेशी आहे का, हे तपासायचं; कुठल्या स्थानकावर किती वाजता आत आला, हे चिपमध्ये लिहायचं. बाहेर पडताना ते वाचून भाडं काढायचं, शिल्लक खोडून नवी लिहायची. यात बँकेला कुणीही विचारत नाही. विचारायला वेळच नसतो. गेटवर साठ माणसं असतील आणि प्रत्येकामागे एकच सेकंद जास्त लागला, तर शेवटचा माणूस पूर्ण मिनिट मागे पडतो, आणि तेवढ्यात त्याच्या मागे नवी गाडी रिकामी होते. शिवाय भुयारात नाहीतर घाटातल्या बसमध्ये नेटवर्क असेलच असं नाही. म्हणून पैसे आधीच चिपमध्ये आणून ठेवायचे आणि गेटनं चिपशीच व्यवहार करायचा, अशी ही रचना. एका कार्डात दोन खिसे असतात. एक बँकेतला, तो दुकानात चालतो. दुसरा चिपमधला, तो प्रवासात चालतो. दुसरा खिसा रोख पैशासारखाच. कार्ड हरवलं तर त्यातले पैसे गेले.

चिपमध्ये आणखी एक सोय आहे, जिचं मला खरंच कौतुक वाटतं. वेगवेगळ्या वाहतूक संस्थांना त्यात आपापली जागा मिळते. तिथं विद्यार्थ्याचा पास, महिन्याचा पास, सवलत असं काही लिहून ठेवता येतं. मिसळणाच्या डब्यासारखं. झाकण एक, आत वाट्या अनेक. हळदीचा चमचा मोहरीत जात नाही. डबा उत्तम घडवलेला आहे. वाट्यांत काय घालायचं, हे घरच्यांनी ठरवायचं असतं.

कल्पना तशी जुनी. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणापासून एकात्मिक तिकिटाची भाषा चालू आहे. २०११ मध्ये तेव्हाचे नगरविकासमंत्री कमलनाथ यांनी ‘मोर’ नावाच्या कार्डाचं अनावरण केलं; इंग्रजीत ‘अधिक’ आणि हिंदी-मराठीत राष्ट्रीय पक्षी, अशी दुहेरी कोटी होती. कोटी छान होती, पण मोर फार लांब उडाला नाही. जून २०१७ मध्ये कोची मेट्रो सुरू झाली, तेव्हा तिथं बँकेचं रुपे कार्डच मेट्रोचं कार्ड म्हणून आलं. आणि ४ मार्च २०१९ ला अहमदाबादेत पंतप्रधानांनी देशभरासाठीच्या कार्डाची घोषणा केली. त्याच्या जोडीला गेट आणि भाडं आकारणारी यंत्रणाही देशी. गेटाचं नाव ‘स्वागत’, म्हणजे स्वचालित गेट. यंत्रणेचं नाव ‘स्वीकार’, म्हणजे स्वचालित किराया. नावं जुळवणाऱ्याला दाद द्यायला हवी. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स यांचा या कामात मोठा वाटा. तोवर गेटंही परदेशी आणि वाचक यंत्रंही परदेशी, आणि एका शहराचं कार्ड दुसऱ्या शहरात नुसतं प्लॅस्टिक. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विमानतळ मार्गिकेवर हे कार्ड आलं, १९ जानेवारी २०२३ ला मुंबईत ‘मुंबई वन’ नावानं आलं, पुण्यात ‘वन पुणे’ नावानं.

आणि ते चालतं. आधी रडगाणं गाऊन मग हे सांगणं बरं नाही, म्हणून इथंच सांगतो. माझा भाचा पुण्यात शिकतो. मुलाखतीसाठी दिल्लीला गेला, पुण्याचं कार्ड खिशात होतं, ते त्यानं तिथल्या गेटला टेकवलं आणि गेट उघडलं. त्यानं मला त्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘मामा, चाललं!’ ज्या देशात दादरच्या पुलावर फेरीवाल्याला लाल शिक्क्याची नोट चालत नाही, तिथं दीड हजार किलोमीटरवरचं गेट मुकाट्यानं उघडणं ही लहान गोष्ट नाही.

अडचण दिल्लीला जाण्यात नाही. अडचण मला भांडुपहून अंधेरीपलीकडे जायचं असतं तेव्हा आहे.

आमच्या प्रवासाचं चित्र असं. घरातून स्टेशनपर्यंत बस. भांडुप ते घाटकोपर लोकल. घाटकोपरहून मेट्रो. उतरल्यावर पुन्हा बस. बेस्टचं साध्या बसचं किमान भाडं ९ मे २०२५ पासून १० रुपये झालं, वातानुकूलितचं १२. लोकलचं किमान ५, मेट्रोचं किमान १०. म्हणजे चारही टप्पे कितीही छोटे असले, तरी साध्या बसच्या दरानंसुद्धा पस्तीस रुपये गेलेच. प्रत्येक वाहनात पाय ठेवला की रिक्षाचं मीटर नव्यानं पडावं, तसं होतं. एकाच रिक्षानं चार सिग्नल ओलांडले तर मीटर चार वेळा पडत नाही. पडलं तर आपण चालकाशी भांडू. इथं भांडायला समोर कुणी नसतं. कार्ड टेकवायचं, टिंग, टिंग, टिंग. खिशातली पाकिटं कमी झाली, तिकिटं चारच राहिली.

आमच्या इमारतीत बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. संध्याकाळी खालच्या बाकावर बसलेले असतात. त्यांना मी हे कार्डपुराण ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं; तिकीट मागणाऱ्या प्रवाशाचं ऐकावं तसं, अर्धं लक्ष पुढच्या दाराकडे ठेवून.

“तुम्ही काय म्हणता ते कळलं,” ते म्हणाले. “पण आमच्याकडे डेली पास होता की. सकाळी एकदा पैसे द्यायचे, दिवसभर कुठल्याही बसमध्ये चढायचं. त्याला कुठं चिप होती?”

“पण तो फक्त बसचा ना?”

“अहो, मग रेल्वेवाल्यांनी आणि आमच्यावाल्यांनी बसून ठरवायचं होतं. चिपेनं थोडंच ठरणार आहे?”

मग ते पंचाबद्दल बोलायला लागले. पत्र्याच्या पेटीतल्या रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या, हातातल्या पंचाची टकटक, पावसाळ्यात तिकिटं एकमेकांना चिकटायची. सुट्ट्यांवरून झालेली भांडणं त्यांना तारीखवार आठवतात. “कार्ड आलं ते बरं झालं,” असंही ते म्हणाले, “माझ्या निम्म्या शिव्या वाचल्या असत्या.”

त्यांना मी बेस्टच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितली, ती त्यांना माहीत होतीच. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत. भाडं तीन आणे, कुठंही चढा, कुठंही उतरा. भाडं एकच, म्हणून तिकीटच दिलं जात नसे. लोक वाढले, फुकटे वाढले, तेव्हा त्याच वर्षी तिकिटं छापायला सुरुवात झाली. म्हणजे मुंबईत तिकीट जन्माला आलं ते प्रवाशाच्या सोयीसाठी नाही, हिशेबासाठी. तेव्हापासून प्रत्येक नवं तिकीट, पुठ्ठ्याचं असो, कागदाचं असो की चिपचं, आधी हिशेबनिसाच्या टेबलावरून जातं आणि मग आपल्या हातात येतं.

हिशेबनीस मुंबईत किती आहेत, ते एकदा मोजून पाहावं. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो खासगी भागीदारीतल्या कंपनीची. दहिसर-अंधेरीच्या २अ आणि ७ या मार्गिका एमएमआरडीएच्या, चालवणारी कंपनी वेगळी. आरे ते कफ परेड भुयारी मार्गिका ३ आणखी एका कंपनीची, तिच्यात केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे. नवी मुंबईची मेट्रो सिडकोची. बेस्ट महापालिकेची. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली यांच्या बसगाड्या त्यांच्या त्यांच्या. लोकल केंद्राची. यातला कुणी जपानी कर्जाचे हप्ते फेडतोय, कुणाला तोट्याचा खड्डा बुजवायचाय, कुणाला भाडं वाढवायला दिल्लीची परवानगी लागते. या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्यासाठी २००८ साली एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापन झालं. बैठक घेता येत होती. ‘तुझ्या भाड्यातले चार रुपये याला दे’ असं सांगायला मात्र कायद्याचा दंडुका हवा, तो हातात नव्हता.

मरोळ नाक्याला याचं दर्शन घडतं. तिथं पहिली मेट्रो डोक्यावरून जाते आणि तिसरी जमिनीखालून. नाव एक, स्थानकं दोन, मालक दोन. एकीच्या गेटातून बाहेर, जिने, मग दुसरीच्या गेटातून आत. कार्ड दोन्हीकडे चाललं तरी प्रवास मध्येच तुटतो, आणि भाडं पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं.

याच्या उलट उदाहरणासाठी लांब जायला नको. ठाण्याहून वांद्र्याला जाणारा माणूस दादरला उतरतो, पूल ओलांडतो, मध्य रेल्वेतून पश्चिम रेल्वेत जातो. दोन वेगळ्या रेल्वे, दोन महाव्यवस्थापक, वेगळी अंदाजपत्रकं. तिकीट एकच, भाडं सलग अंतराचं. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही, कारण ते आपल्या आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे. जीआयपी आणि बीबीसीआय या दोन निराळ्या कंपन्या होत्या तेव्हाही एका कंपनीच्या खिडकीवर दुसरीच्या स्टेशनापर्यंतचं पुठ्ठ्याचं तिकीट मिळायचं. मागाहून कारकून बसून कुणाचे किती ते वाटून घ्यायचे. ही युक्तीही रेल्वेनं विलायतेतून आणली. लंडनमध्ये १८४२ साली रेल्वे कंपन्यांनी मिळून एक वसुलीघर काढलं, त्याचं कामच हे होतं की प्रवाशानं एकदा पैसे द्यावेत आणि भांडण आपण आत मिटवावं. वीज नव्हती, चिप नव्हती. दौत, टाक आणि खतावणी होती.

ॲम्स्टेलव्हेनला राहणारी माझी मावसबहीण ही चर्चा ऐकून हसली. ॲमस्टरडॅमला खेटून असलेलं हे गाव; भारतीय माणसं तिथं इतकी, की ट्राममध्ये फोनवर मराठीतून सासूची तक्रार करायची सोय राहिलेली नाही, असं ती म्हणते. नेदरलँड्सनं देशभर एक कार्ड ही गोष्ट खरोखर करून दाखवली, आणि ती आता मोडीतही काढायला घेतली आहे. आपल्याकडे घोषणेला आणि पूर्ततेला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात त्यांचं कार्ड जन्मून म्हातारं झालं.

पण त्यांची खरी कमाल कार्डाच्या आधीची आहे. १९८० साली तिथं ‘स्ट्रिपनकार्ट’ आलं. लांबोळकी कागदी पट्टी, तिच्यावर आडवे रकाने. सगळा देश विभागांत वाटलेला. जितके विभाग ओलांडायचे त्याहून एक रकाना जास्त मोजायचा, पट्टी तिथं दुमडायची आणि पिवळ्या पेटीत सारून शिक्का मारायचा. तो शिक्का ठरावीक वेळ चालायचा, आणि तेवढ्या वेळात बस, ट्राम, मेट्रो कितीही बदला, गाव कुठलंही असो. त्या वाढीव एका रकान्यात सगळं मर्म होतं. तो चढण्याचा दर, आणि तो एकदाच. वाहन बदललं म्हणून दुसऱ्यांदा नाही.

मग चिप आली. २००५ मध्ये रॉटरडॅमच्या मेट्रोत ‘ओव्ही-चिपकार्ट’ सुरू झालं. २००८ मध्ये नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या कार्डातल्या मायफेअर क्लासिक या चिपची कुलपं उघडून दाखवली. लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तीच चिप होती. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी शोधनिबंध थांबवायला कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं, छापू द्या. दोष निबंधात नाही, चिपमध्ये आहे. संसदेत गोंधळ झाला, पण गाडी पुढे गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये कागदी पट्टी देशभर बंद, जुलै २०१४ मध्ये रेल्वेचं कागदी तिकीटही गेलं. एक कार्ड, सगळा देश. गावातल्या बसपासून आंतरशहरी गाडीपर्यंत. मावसबहिणीला चढताना एक ‘पीप’ आणि उतरताना दोन ‘पीप’ यांची इतकी सवय झालीय, की मुंबईत आली तेव्हा लोकलमधून उतरताना तिचा हात खांब शोधत होता. उतरताना कार्ड टेकवायला विसरलं, तर चढताना राखून ठेवलेली रक्कम कापली जाते. रेल्वेत ती वीस युरो. “माझे दोनदा गेले,” ती म्हणाली, “मग विसरणं बंद झालं.”

आणि तिथंही तेच झालं, जे मला मरोळला दिसतं. रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या अनेक. एकीच्या गाडीतून उतरून त्याच फलाटावरून दुसरीची गाडी पकडायची, तर आधी पहिलीच्या खांबाला कार्ड टेकवून बाहेर पडायचं, मग चार पावलांवरच्या दुसऱ्या खांबाला टेकवून आत यायचं. सुरुवातीच्या वर्षांत चढण्याचा दर दोनदा लागतो म्हणून लोकांनी बराच आरडाओरडा केला. कागदी पट्टीत जे एक होतं, ते चिपनं दोन केलं. चिपला सगळं मोजता येतं, आणि ज्याला मोजता येतं त्याला वाटण्या सुचतात. आता २०२३ पासून तिथं देशभर कुठलंही साधं बँक कार्ड किंवा फोन टेकवून जाता येतं. चिपकार्टाला निरोप द्यायची तयारी चालली आहे.

सोलनं उलट्या बाजूनं सुरुवात केली. १ जुलै २००४ ला तिथं बस आणि मेट्रोचं भाडं एकाच सलग अंतरावर आणलं, अर्ध्या तासात वाहन बदललं तर चढण्याचा दर पुन्हा नाही, आणि त्यासाठी टी-मनी हे कार्ड आणलं. आधी भांडण मिटवलं, मग प्लॅस्टिक छापलं.

आपल्याकडे आणखी एक भानगड झाली. कार्ड यायच्या आत फोन आला. २०१६ मध्ये यूपीआय निघालं आणि चहाच्या टपरीपासून मंदिराच्या दानपेटीपर्यंत चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटला. यूपीआय आणि रुपे दोन्ही एनपीसीआय या एकाच संस्थेची अपत्यं. धाकट्यानं थोरल्याला धावण्यात मागे टाकलं. आता मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर निघतं. ८ ऑक्टोबर २०२५ ला ‘मुंबई वन’ हे ॲप आलं. अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं एका ॲपमध्ये, लोकलसुद्धा. कार्डाला जे जमलं नव्हतं ते फोनच्या पडद्यावर झालं. एका नावाची दोन अपत्यं इथंही आहेत, कार्डाचंही नाव मुंबई वन आणि ॲपचंही. काउंटरवर कुणी ‘मुंबई वन’ म्हणालं की समोरचा विचारतो, कुठलं?

मग कार्ड हवं कुणाला? मी हाच प्रश्न आमच्या पोळ्यांच्या ताईंना विचारला, आणि स्वतःच ओशाळलो. त्यांचा फोन बटणांचा आहे. मुलानं त्यांना कार्ड काढून दिलं. त्या ते छोट्या पाकिटात, देवीच्या फोटोमागे ठेवतात आणि पाकीटच गेटवर टेकवतात. कार्ड बाहेर काढत नाहीत, कारण गर्दीत पडलं तर? रांगेत फोन उघडून, नेट शोधून, ठिपके काढून गेटसमोर धरणाऱ्या इंजिनिअर मुलांच्या आधी त्या पलीकडे पोचलेल्या असतात. त्यांची तक्रार एकच. “दादा, किती उरले ते कळत नाही. गेटावर आकडा येतो आन् जातो. कागुद असला की घरी जाऊन बघता येतं.” शिल्लक दिसणं हा पैसे वापरणाऱ्याचा हक्क आहे, हे त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं. त्या महिन्यातून एकदा काउंटरवर कार्ड दाखवून आकडा विचारून येतात आणि घरी कॅलेंडरवर लिहितात.

अशा माणसांसाठी रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये एक शहाणा नियम केला. प्रवासापुरतं प्रीपेड कार्ड, ओळखीची कागदपत्रं न मागता देता येईल, शिल्लक तीन हजार रुपयांपेक्षा जास्त नाही, मुदत कायमची. शाळकरी मुलाच्या हातात, पाहुण्याच्या हातात, ताईंच्या हातात द्यायला असंच कार्ड हवं. मात्र त्यातून रोख काढता येत नाही, दुसरीकडे वळवता येत नाही, परतही मागता येत नाही. एकदा भरले की फिरूनच संपवायचे. त्याच सुमारास पेटीएम पेमेंट्स बँकेवरच्या निर्बंधांमुळे तिच्या प्रवासी कार्डांत १५ मार्च २०२४ नंतर नवा भरणा बंद झाला. आतली शिल्लक संपेपर्यंत वापरा, असं सांगण्यात आलं. कार्ड देशाचं असलं तरी त्याला जन्म देणारी बँक एकच असते, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा उमगलं.

लोकलचं मात्र सगळं निराळंच. कोविडपूर्वी रोज पंचाहत्तर लाखांच्या घरात माणसं नेणाऱ्या या यंत्रणेला गेटच नाही. कुर्ल्याच्या पुलावर संध्याकाळी सातला गेटं बसवून पाहण्याची कल्पना करा; मी केली आणि सोडून दिली. लोकल चालते ती विश्वासावर, पासवर आणि टीसीच्या भीतीवर, आणि या तिघांचं प्रमाण प्रत्येक स्टेशनागणिक बदलतं. मध्यंतरी कूपनं होती, ती स्वतःच यंत्रात घालून शिक्का उमटवायचा. शिक्का इतका पुसट यायचा की टीसी आणि प्रवासी दोघं मिळून उजेडात धरून वाचायचे. मग एटीव्हीएमचं, म्हणजे स्टेशनावरच्या तिकीट देणाऱ्या यंत्राचं, वेगळं स्मार्ट कार्ड आलं. टेकवायला जिथं काही नाही, तिथं टेकवण्याचं कार्ड काय करणार? देशातल्या सगळ्यात मोठ्या शहरी प्रवासाच्या दारात देशाचं कार्ड त्यामुळे बाहेरच थांबतं.

माझ्या जुन्या डेबिट कार्डाची मुदत या महिन्यात संपत होती. नवं आलं होतं. जुन्याच्या चिपमध्ये सदतीस रुपये होते. ते नव्यात कसे न्यायचे यापेक्षा फिरून संपवावेत असं ठरवून मी रविवारी दुपारी निघालो. मेट्रोचे वीस गेले. सतरा. उतरून वातानुकूलित बस पकडली. कंडक्टरनं यंत्र पुढे केलं, मी कार्ड टेकवलं, कागदाची चिठ्ठी आली, बारा. राहिले पाच. मेट्रो दहापासून सुरू, बस दहापासून सुरू. पाच रुपयांत मुंबईत एकच गाडी मिळते.

मी स्टेशनवर आलो. कार्ड हातातच होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी वर न बघता विचारलं, “कुठलं?”

“भांडुप.”

“पाच. सुटे द्या.”

मी कार्ड खिशात घातलं आणि नाणं शोधायला लागलो.